डब्यावरचं नाव

पत्ते कुणी तयार केले, हे आपण कधी विचारत नाही. सारीपाट कुणाचा, बुद्धिबळ कुणाचं, तेही नाही. खेळ घरात असतातच. पणजोबांच्या आधीपासून असतात, एक सोंगटी हरवलेली असते आणि तिच्या जागी शर्टाचं बटण चालतं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची एकशे वीस पानं पाहून माणूस थक्क होतो, पण दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं हा हिशेब पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला, असा प्रश्न त्याला पडत नाही. आपल्याकडे अपवाद एकच, मोक्षपट, म्हणजे आपली सापशिडी. तो ज्ञानेश्वरांनी केला असं परंपरा सांगते. माउलींनी जो पट माणसाला मोक्षाकडे न्यायला आखला, त्यावर आपण शेवटच्या ओळीत सापानं गिळल्यावर सख्ख्या भावाला फासा फेकून मारला, हे आपलं कर्तृत्व.

त्यामुळे भाची सुट्टीत आमच्याकडे एक जाडजूड डबा घेऊन आली आणि त्यावर खेळाच्या नावासोबत एका जर्मन गृहस्थांचंही नाव दिसलं, तेव्हा आमच्या मेहुण्यांनी सहज विचारलं, ‘हे कारखान्याचे मालक का?’

‘बाबा, हे या खेळाचे लेखक,’ भाची म्हणाली.

खेळाला लेखक असतो, हे कळलं आणि माझ्या छंदाची तिथून सुरुवात झाली. लोक आधुनिक बोर्ड गेमकडे बुद्धीला चालना म्हणून वळतात, मुलांचा मोबाइल सुटावा म्हणून वळतात. माझं तसं काही नाही. मला एवढंच पाहायचं असतं, की या माणसानं आपल्याकडून नेमकं काय करवून घ्यायचं ठरवलंय.

त्या डब्यावरचं नाव होतं क्लाउस टॉयबर. हा माणूस जर्मनीत डार्मश्टाटजवळ दातांच्या कवळ्या नि टोप्या बनवायची प्रयोगशाळा चालवायचा. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि उरलेल्या वेळात घराच्या तळघरात खेळ घडवायचे, असा त्याचा क्रम. व्हायकिंग लोकांनी आइसलँडमध्ये वस्ती केली, त्या कल्पनेतून त्यानं ‘कॅटान’ रचला. तो १९९५ साली बाजारात आला. जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला दिला जाणारा मोठा पुरस्कार त्याआधीच त्याला तीनदा मिळाला होता, कॅटाननं चौथ्यांदा मिळवून दिला. तरी त्यानं दातांचं काम लगेच सोडलं नाही. नोकरी सांभाळून नाटक लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हा माणूस फार जवळचा वाटेल.

कॅटानचं बेट एकोणीस षटकोनी तुकड्यांचं. ते दर वेळी वेगळ्या क्रमानं मांडायचे, म्हणजे बेट दर वेळी नवं. जंगलातून लाकूड येतं, कुरणातून लोकर, शेतातून धान्य, डोंगरातून खनिज आणि मातीतून विटा. वाळवंटाचा तुकडा सोडला तर प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. दोन फासे टाकायचे, बेरजेचा आकडा ज्या तुकड्यावर असेल त्याच्या कडेला ज्यांची घरं, त्यांना तिथला माल. त्या मालातून रस्ते, गावं, शहरं उभी करायची. दहा गुण आधी करील तो जिंकला.

इथे लेखकाचा हात दिसायला लागतो. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांमध्ये सात हा आकडा सहा वेळा येतो, सहा आणि आठ पाच-पाच वेळा, दोन आणि बारा मात्र एकेकदाच. म्हणून सहा आणि आठ त्यानं लाल रंगात छापले. आमचे मेहुणे इंजिनिअर. त्यांनी पहिल्याच डावात सगळे लाल आकडे पकडले. मावशीनं बारावर गाव बसवलं, कारण ‘बारा मला लाभतो’. गणित मेहुण्यांच्या बाजूनं होतं आणि बारा मावशीच्या. लागोपाठ बारा पडले. संभाव्यता दीर्घकाळात खरी ठरते, असं मेहुण्यांनी समजावून सांगितलं. दीर्घकाळ मला आहे कुठे, असं मावशी म्हणाली आणि तिनं शहर बांधलं.

पण टॉयबरची खरी करामत फाशात नाही. कुणाहीजवळ लागतं ते सगळं कधीच नसतं, अशी व्यवस्था त्यानं करून ठेवली आहे. त्यामुळे डाव कुणाचाही असला तरी सगळ्यांना बोलावंच लागतं. मला वीट हवी, तुला लोकर हवी, चल, अदलाबदल करू. हा नियम त्यानं जर्मनीत लिहिला खरा, पण तो फुलायचा तर मराठी मावशीच्या हातात. ‘दोन मेंढ्या देते, पण वीट चांगली दे,’ असं ती म्हणते. विटेची सगळी पानं सारखीच असतात, हे तिला सांगून उपयोग नसतो. तिची घासाघीस मंडईत तयार झालेली; व्यवहार ठरल्यावर वर एक गव्हाचं पान मागायची तिची रीत आहे, आणि लोक ते देतातसुद्धा.

सात पडला की कुणालाच काही मिळत नाही. सातपेक्षा जास्त पानं जवळ असणाऱ्याला निम्मी टाकून द्यावी लागतात, आणि फासा टाकणारा दरोडेखोराची काळी बाहुली उचलून कुणाच्या तरी शेतात नेऊन ठेवतो. ती कुणाच्या शेतात ठेवायची, या एका प्रश्नानं घरातले कितीतरी जुने हिशेब वर येतात. मागच्या दिवाळीला कोण फिरकलं नाही, हे आमच्याकडे दरोडेखोराच्या हालचालींवरून कळतं.

आता लहानपणीचा ‘व्यापार’ आठवून पाहा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता विकत घ्यायची, वर घरं बांधायची, भाड्यानं दुसऱ्याला नागवायचं. ज्याचं दिवाळं निघालं तो डावाबाहेर. सगळ्यात धाकटा भाऊ अर्ध्या तासात बाहेर, मग तासभर तो पंख्याकडे बघत पडायचा आणि शेवटी जाता-येता पट उधळायचा. हा व्यापार म्हणजे मोनोपॉलीचंच देशी रूप, आणि त्या मोनोपॉलीच्या मुळाशीही एक लेखिका होती. लिझी मॅगी तिचं नाव. जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं, हे लोकांना खेळातून कळावं म्हणून तिनं ‘लँडलॉर्ड्स गेम’ रचला आणि १९०४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. तिचा खेळ हातोहाती फिरला, बदलला. पुढे १९३५ मध्ये मोनोपॉली म्हणून डबा आला, तेव्हा खेळाचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो या गृहस्थांचं नाव गाजलं. बाईंना त्यांच्या पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले. जमीनदारीच्या विरोधात केलेला खेळ जमीनदारी शिकवण्यासाठी जगभर विकला गेला आणि लेखिकेची जागाच दुसऱ्यानं बळकावली. तिनं खेळात जे सांगायचा प्रयत्न केला, ते शेवटी तिच्याच गोष्टीत खरं झालं.

लेखकाचं नाव डब्यावर यायला बराच काळ जावा लागला. १९८८ साली न्यूर्नबर्गच्या खेळणी-मेळाव्यात तेरा खेळलेखक एकत्र बसले आणि त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहून टाकलं, की डब्यावर नाव छापणार नसाल तर आमचा खेळ तुम्हाला मिळणार नाही. खाली तेरा सह्या. ठराव, अनुमोदन, उपसूचना, इतिवृत्त यांच्याशिवाय साहित्यिकांचं एखादं काम एका बैठकीत तडीस गेल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं. जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला १९७९ पासून पुरस्कार मिळतो आहे, आणि एसेन शहरात दर ऑक्टोबरला खेळांची जत्रा भरते. तिथे लोक लेखकासमोर रांग लावून डब्यावर सही घेतात.

नाव वाचायची सवय लागली, की स्वभावही ओळखू यायला लागतात. मॅट लीकॉक यांनी २००८ साली ‘पँडेमिक’ केला. जगभर रोगाच्या साथी पसरतायत आणि टेबलाभोवतीचे सगळे मिळून त्या आटोक्यात आणतायत. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. या माणसाचा माणसांवर विश्वास असावा. पण आपल्या घरात या खेळाचं काय होतं, याची त्याला कल्पना नसावी. इथे प्रत्येक डावात एक मुकादम जन्माला येतो. तू इकडे जा, तू तिकडे जा, तू काहीच करू नकोस. हा मुकादम जगभर आढळतो म्हणे, आमच्याकडे मात्र एकाच डावात तीन-तीन असतात आणि रोग बाजूला राहतो.

आंत्वान बोझा या फ्रेंच लेखकाचा ‘हानाबी’ त्याहून खट्याळ. यात आपली पानं उलटी धरायची, म्हणजे ती सगळ्यांना दिसतात, आपल्याला नाही. दुसऱ्यांनी मोजक्या सूचना द्यायच्या, त्यावरून आपण ओळखायचं. आपल्याविषयी आपल्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं आणि ते स्पष्ट बोलायची मात्र कुणाला परवानगी नसते, हा अनुभव एकत्र कुटुंबात वाढलेल्याला नवा नाही. म्हणूनच की काय, मावशी यात अजिंक्य आहे. तिला सूचना लागतच नाहीत. समोरच्याच्या भुवया पुरतात.

आणि एलिझाबेथ हारग्रेव्ह. या अमेरिकेत आरोग्यधोरणाच्या क्षेत्रात काम करायच्या, आवड पक्षिनिरीक्षणाची. किल्ले, अवकाश, झोंबी यांच्यावरच खेळ का म्हणून, असं वाटून त्यांनी पक्ष्यांवर खेळ केला. ‘विंगस्पॅन’ २०१९ साली आला. त्याच्या एकशे सत्तर पक्षिपत्त्यांवर प्रत्येक पक्ष्याचं चित्र, पंखांचा विस्तार, घरट्याचा प्रकार आणि एखादी बारीकशी माहिती. यात कुणी कुणावर तुटून पडत नाही. आपापल्या रानात पक्षी बोलवायचे, अंडी घालू द्यायची. डाव संपल्यावर हरलेला माणूस पान हातात धरून त्यावरची माहिती वाचत बसलेला असतो. हरलेल्याचं इतकं सांत्वन करणारा लेखक मी तरी मराठी रंगभूमीवरही फारसा पाहिलेला नाही.

या छंदाला जाच नाहीत असं नाही. मुख्य जाच नियमांचा. चोवीस पानी पुस्तिका वाचून एकानं बाकीच्यांना खेळ समजावायचा असतो, आणि समजावणाऱ्याची कीव येते. तो ‘सोपंय एकदम’ म्हणून सुरुवात करतो. पाचव्या मिनिटाला एक जण चहा टाकायला उठतो, दहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, ‘पण जिंकायचं कसं, ते सांग ना.’ शेवटी तो हात टेकून म्हणतो, ‘खेळता खेळता कळेल.’ आणि डावाच्या मध्यावर ज्याला कळतं, तो म्हणतो, ‘हे आधी सांगितलं असतंस, तर मी असा खेळलोच नसतो.’ हे वाक्य ऐकलं नाही असा खेळ समजावणारा पुण्यात तरी सापडायचा नाही.

दुसरा जाच किमतीचा. चांगल्या डब्याला काही हजार रुपये पडतात, आणि तो खेळायला चार माणसं एका संध्याकाळी मोकळी मिळणं त्याहून महाग. आता मुंबई-पुण्यात बोर्ड गेम कॅफे आहेत. तासाचे पैसे भरा, कपाटातला हवा तो डबा काढा, कॉफी प्या. तिथे कॉलेजची मुलं खेळतात आणि आमच्यासारख्यांना ‘काका, तुमचा चान्स’ म्हणून आठवण करून देतात. तिसरा जाच मोहाचा. पानांना प्लास्टिकचे अंगरखे घालणारे, डब्यात कप्पे करून घेणारे, आणि न उघडलेल्या डब्यांच्या थप्पीसमोर उभं राहून नव्या डब्याची चौकशी करणारे मी पाहिले आहेत. न वाचलेल्या पुस्तकांसमोर उभं राहणाऱ्यांनी त्यांना हसू नये.

आपल्याकडेही लेखक तयार होऊ लागलेत. मुंबईच्या झैन मेमन यांचा ‘शासन’ हा खेळ २०१९ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला. यात आपण राजकारणी. धोरणाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, त्यातून पैसा, वजन, प्रसिद्धी, लोकांचा विश्वास मिळवायचा आणि मतदार गोळा करायचे. तत्त्वानं सुरुवात केलेला माणूस बहुमताच्या जवळ आल्यावर कसा बोलू लागतो, ते टेबलावर पाहण्यासारखं असतं. घरातल्या अत्यंत सज्जन माणसालाही खेळाच्या लेखकानं नियमांच्या बळावर कुठे नेऊन सोडलं, हे पाहिलं की कादंबरीकारांना या मंडळींचा हेवा वाटायला हवा. कादंबरीत पात्र बिघडतं, इथे वाचकच बिघडतो.

म्हणून माझं मत असं, की खेळ ही लिहिण्याची गोष्ट आहे आणि मराठीत ती अजून कुणी मनावर घेतलेली नाही. विषयांना तोटा नाही. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या: गळती, पार्किंग, थकबाकी आणि चिटणीस व्हायला कुणीच तयार नाही. कोकणातल्या वडिलोपार्जित घराची वाटणी घ्या: सतरा वारस, एक विहीर, सह्या गोळा करता करता दोन पिढ्या. लग्नाची पंगत घ्या, गणपतीतली एस.टी. घ्या. फासे नि पुठ्ठा लागतो, बाकीचं सगळं आपल्याकडे तयार आहे. वाचकांपैकी कुणाला सुचलं, तर त्यानं दातांचं, बँकेचं, शाळेचं जे काही काम चालू असेल ते न सोडता संध्याकाळी बसावं आणि लिहावं. पहिला डाव खेळायला आम्ही येऊ, मावशीलाही घेऊन येऊ. आणि डब्यावर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात छापून घ्यावं.