वारं कुणीकडलं?

जालना जिल्ह्यात तालुके आठ, आणि शिकारी नाना प्रत्येक तालुक्यात निदान एक. भोकरदनकडे ते धोतरात सापडतात, मंठ्याला पायजम्यात आणि अंबड-घनसावंगीच्या ऊसपट्ट्यात हल्ली ट्रॅकपँटमध्येही. ओळख करून द्यायची गरज नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून त्यांनी खिशातून कापसाचं बोंड काढलेलं असतं, त्यातला एक तंतू चिमटीतून सोडून तो कुठे जातो ते पाहिलेलं असतं आणि "वारं तिकडून हाय, बाजू बदला" म्हणत भरल्या पत्रावळीवरून चार माणसं उठवलेली असतात. तेच हे.

वाऱ्याचं शास्त्र खोटं नाही. रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, माणसाचा वास घेतो. त्याला गाठायचं तर वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा. एवढं सांगून नाना थांबले असते तर ते शिकारी राहिले असते. पण ते थांबत नाहीत. दशक्रियेला कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे, तेव्हा मागून आवाज येतो, "शिवंल कसा? वारं पाठीमागून हाय, त्याला आपला वास चाललाय." मुलगी पाहायला गेले तर कांदेपोह्यांआधी अंगणात तंतू सुटतो. तहसीलच्या खोलीत पंख्याखाली तंतू सोडल्यावर तो गोल फिरून साहेबांच्या चष्म्यावर बसला, आणि "इथं काम होत नाही, वाऱ्याला दिशाच नाही," असं नानांनी साहेबांदेखत जाहीर केलं. ते काम अजून झालेलं नाही.

नानांकडे एकनळी बंदूक आहे, वडिलांच्या वेळची. परवाना पीक संरक्षणाचा. ती गादीखाली असते आणि तिच्या नळीतून गेली कित्येक वर्षं तेलाच्या चिंधीशिवाय काही गेलेलं नाही. तरीही नाना बारा महिने शिकारीचा बेत आखतात. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर शेताचा नकाशा, नकाशात ओढा, ओढ्यावर बाभूळ, बाभळीखाली फुली. फुलीपाशी रोह्याच्या लेंड्यांची रास. हा प्राणी त्याच त्या जागी येऊन लेंड्या टाकतो, हे नानांकडून ऐकलं नाही असं माणूस गावात नाही. सगळ्या नकाशावरून एक मोठा बाण. बाण कशाचा ते सांगायला नको.

आता ही शिकार म्हणजे बंदूक उचलली आणि निघाले, असं 1972 नंतर राहिलेलं नाही. त्या वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि कलम 11 मध्ये एक फट उरली. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं, तर अधिकृत अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी राज्य सरकारने 2015 मध्ये ही वाट सोपी करणारा निर्णय काढला, आणि त्याची झेरॉक्स नाना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरतात. काळविटाला मात्र ही वाट नाही, तो पहिल्या अनुसूचीतला. त्यामुळे "नाना, रात्री हरभऱ्यात जनावर होतं" असं कुणी सांगत आलं की नाना आधी अनुसूची विचारतात. शेतकरी बिचारा पिकाचं बोलतो, नाना कलमाचं.

मटणाची आशा धरून येणारेही असतात. त्यांची वासलात कलम 39 लावतं. परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा राज्य सरकारची मालमत्ता. "तहसीलची खुर्ची कापून खाशील का?" असं नाना विचारतात, आणि त्यांच्यामागे काडतुसांची पिशवी धरून यायला निघालेली पोरं तिथूनच परत फिरतात.

खरी अडचण वेगळीच आहे. नानांचा बेत पिकला की निवडणूक लागते.

2019 च्या उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आटून रोही एकाच डबक्यावर येऊ लागले. नेम धरायला असा मोका नाही; पण 23 एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं आणि बंदूक पोलीस ठाण्यात. त्याच साली तूर फुलावर येत होती तेव्हा विधानसभा. 2021 च्या जानेवारीत हरभरा घाट्यावर, तर 15 तारखेला ग्रामपंचायत. 2024 ने तर कहर केला. मेमध्ये लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. आचारसंहितेत कुणाची शस्त्रं जमा करायची हे खरं तर छाननी समिती ठरवते, सरसकट सगळ्यांची घेतली जात नाहीत. पण यादीत आपलं नाव नसलं की नानांना तो अपमान वाटतो. मग ते इस्त्रीचा सदरा घालून, बंदुकीला नवा कपडा गुंडाळून, आपल्या पायांनी ठाण्यात जाऊन ती जमा करतात आणि पावती घेतात. पावत्यांची फाईल शासन निर्णयाच्या पिशवीपेक्षा जाड आहे.

त्यांचा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. तिथे एल्क नावाचं सांबराहून थोराड हरीण आणि काळं अस्वल यांच्या शिकारीला पुष्कळ ठिकाणी परवाने मोजके असतात, अर्ज रग्गड येतात, आणि मग सोडत निघते. जंगलाचे तुकडे पाडून त्यांना आकडे दिलेले. नंबर लागला नाही की अर्जदाराच्या खात्यावर त्या वर्षाचा एक गुण जमा होतो आणि पुढच्या सोडतीत तो कामी येतो. काही नावाजलेल्या तुकड्यांसाठी माणसं वीस-वीस वर्षं गुण साठवत बसतात. भाच्याने हे सांगितलं त्या रात्री नानांना झोप लागली नाही. आपल्यासारखी माणसं एवढ्या लांब, एवढ्या संख्येने आहेत आणि त्यांची सरकार दरबारी नोंदही आहे! सकाळी त्यांनी पावत्या काढून गुण मांडले. निवडणुकीला एक या हिशेबाने पाच भरले.

बिहारचं नाव काढलं की मात्र त्यांचा चेहरा उतरतो. केंद्राने तिथल्या काही जिल्ह्यांत रोह्याला उपद्रवी ठरवलं आणि 2016 च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त रोही टिपले. मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री त्यावरून जाहीरपणे भांडले. नानांचं त्यावर मत विचारलं तर ते म्हणतात, "त्यात शिकार कुठाय? त्यांनी वारंसुदिक पाह्यलं नसंल."

इतकं असूनही गाव नानांना धरून आहे, हे कबूल करायला हवं. याचं कारण नेमबाजी नाही. हिवाळ्यात तूर आणि हरभरा एकदम खाण्यासारखे होतात तेव्हा घरटी एक माणूस जागलीला जातं. सौर झटका मशीन ज्यांना परवडतं ते घरी झोपतात, बाकीचे बांधाला जुन्या साड्या बांधून, पत्र्याचा डबा वाजवत रात्र काढतात. नाना आपल्या माळ्यावर बसतात, आणि आसपासच्या पाच-सहा शेतांची जागल फुकटात होते. रोही शिरला की ते एक लांब हाळी देतात. ज्यांची पोरं पुण्याला कंपनीत गेली आणि म्हातारी-म्हातारेच मागे राहिले, ते त्या हाळीच्या भरवशावर पाठ टेकतात.

आणि वाऱ्याचंही तसंच. शेजाऱ्याने मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि ते वाऱ्याने कपाशीवर उडालं, तर कपाशीची पानं भेंडीसारखी निमुळती होतात, वर्ष हातचं जातं. त्यामुळे पंगतीत नानांना हसणारे फवारणीच्या आदल्या रात्री त्यांनाच फोन करतात. नाना वेळ सांगतात, सोबत कलम 11 ऐकवतात. ऐकून घ्यावं लागतं.

एकदा मात्र सगळं जमून आलं होतं. आदेश हातात होता, निवडणूक कुठलीच नव्हती, बंदूक माळ्यावर होती, काडतूस भरलेलं. पहाटे तीनच्या सुमाराला एक नर ओढ्यातून वर आला. चांगला घोड्याएवढा, चांदण्यात निळसर, मानेखाली पांढरा डाग. वारा त्याच्याकडून नानांकडे. पंचवीस पावलांवर तो थांबला आणि शेजारच्या हरभऱ्याचे घाटे सावकाश ओरपू लागला. नानांनी नळी उचलली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली आणि हाळी दिली.

"मागं आखाडा व्हता, गोळी कुणाला लागली असती," असं त्यांनी सकाळी सगळ्यांना सांगितलं. त्या बाजूला आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, नाही. सरळ ओढ्यापर्यंत मोकळं रान आहे, हे सोबत जागलीला असलेल्या पोराला माहीत होतं, ज्याचा हरभरा खाल्ला गेला त्या शेजाऱ्यालाही. शेजाऱ्याने दोन दिवस नानांशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी फवारणी होती म्हणून फोन केला.

नानांनी तेवढ्यात भाच्याला विचारून घेतलं होतं, की परवाना मिळूनही जनावर सोडलं तर तुमच्याकडे गुण राहतात का. भाचा म्हणाला, नाही. पहिल्या पसंतीचा नंबर एकदा लागला की मारा न मारा, खातं शून्य. नानांना नियम एकदम पटला. पावत्यांच्या फाईलवरचे पाच त्यांनी खोडले, शून्य मांडलं आणि पोराला विचारलं, "आता पुढली निवडणूक कोणची?"