मक्तेदारीचा दांडा

जुनी जीप बाळगणारा माणूस इंजिनाचं काम हौसेने काढतो, रंगासाठी सोसायटीचं कर्जही उचलतो. पण गिअरबॉक्स बदलायचा विषय निघाला, की त्याला पावसाळा आठवतो, मुलीची परीक्षा आठवते. विचारलं तर खर्चाचं कारण सांगतो. ते खरं नव्हे.

1940च्या दशकाअखेर मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि टी-90 नावाचा तीन गिअरचा बॉक्स आपल्याकडे रुजला. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग दांडा ओढा. हे सगळं चढावर, मागून एसटी हॉर्न देत असताना! वयोमानाने वरच्या दोन गिअरच्या पितळी सिंक्रो रिंगा झिजल्या, की तिथेही 'खर्रर्र' सुरू होतं. उतारावर दुसरा गिअर सटकायला लागतो. मग मालक एका हाताने स्टिअरिंग सांभाळत, दुसऱ्याने दांडा दाबून धरत आंबा घाट उतरतो. शेजारी बायको डोळे मिटून रामरक्षा म्हणत असते आणि हा अभिमानाने सांगतो, "हिला फक्त माझा हात कळतो."

खरी गोम इथे आहे. अशी जीप मुलगा मागत नाही, मेव्हणा मागत नाही, शेजारी तर नाहीच. चोरानेही पहिल्या चढाला ती सोडून पळावं.

शेवटी एके दिवशी गिअर पडतच नाही. मिस्त्री तळाचा पत्रा खोलतो, इंजिनाखाली जॅक लावतो, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवतो आणि गिअरबॉक्स नि फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस जोडीनेच खाली उतरवतो. वरचं झाकण काढल्यावर काळ्या तेलात पिवळी कणी चमकते. मिस्त्री ती बोटावर घेऊन दाखवतो. "हे बघा मालक, तुमचं सोनं."

जागी येतो तो नंतरच्या जीपमधला, सगळ्या पुढच्या गिअरना सिंक्रोमेश असलेला चार गिअरचा बॉक्स. त्याची लांबी निराळी, म्हणून शाफ्ट कापून-जोडून पुन्हा बॅलन्स करून घ्यावे लागतात. क्लच प्लेट नेमकी मध्यावर बसवायला मिस्त्री त्याच जातीच्या, भंगारात गेलेल्या बॉक्सचा शाफ्ट आत घालून बघतो. तरीही नवा बॉक्स बोटभर अंतरावर अडून बसतो. हलवा, फिरवा, शिव्या घाला, मग एकदम आत सरकतो. तेलही बघून भरायचं, कारण काही जीएल-5 तेलांतली गंधकाची द्रव्यं पितळाला मानवत नाहीत.

गाडी बाहेर निघते. पहिला गिअर पडतो आणि आवाजच नाही! मालक गोंधळून दांड्याकडे बघतो. संध्याकाळी बायको किल्ली मागते आणि मंडईतून दोन पिशव्या भाजी घेऊन सहज परत येते. रविवारी मुलगा मित्रांना भरून सिंहगडाला जातो. मेव्हण्याचाही फोन येतो.

सगळे खूश. मालकही हसतो, कौतुक करतो. फक्त किल्ली देताना हल्ली हळूच सांगायला लागलाय, "जपून हं, हिचं स्टिअरिंग जरा डावीकडे ओढतं. सवय असावी लागते."