आपलीच गेली की सगळ्यांची?

महाराष्ट्रातील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत, उरल्यासुरल्या वाड्यांपैकी निम्म्यांत आणि बहुतेक प्रत्येक आळीत असा एक गृहस्थ असतोच की, ज्याची वीज गेल्यानंतरची सर्व सिद्धता वीज असतानाच पूर्ण झालेली असते, आणि ती सिद्धता चारचौघांनी पाहावी म्हणून शेतकऱ्याने मृगाची वाट पाहावी तशी तो वीज जाण्याची वाट पाहत असतो. या वर्गाला शास्त्रीय नाव अद्याप मिळालेले नसल्यामुळे येथे 'सज्जनाना' ही संज्ञा वापरली आहे. 'सज्ज' अधिक 'नाना' अशी तिची फोड असून त्यातील 'नाना' हे नाव नव्हे, पद आहे. उच्चारताना तिच्यात 'सज्जन' ऐकू येतो तो अक्षरांचा योगायोग समजावा, त्याचे श्रेय नानांना देण्याइतका पुरावा निदान आरंभी तरी हाती नाही.

मराठी बोलीत वीजपुरवठा खंडित होत नाही. तेथे वीज 'लाइट' या स्त्रीलिंगी नावाने वावरते, न सांगता जाते, तिच्या मर्जीने येते, आणि आली की मुले "आऽऽली!" म्हणून असा कल्ला करतात की, ती पाहुणी असून तिने खाऊ आणला आहे असे परक्यास वाटावे. ती जाते त्या क्षणी इतर माणसे असतील तेथे थबकतात, कोणी मोबाइल चाचपतो, कोणी पंख्याकडे नुसतेच पाहतो. सज्जनाना मात्र उठतात, एका पायात स्वतःची व दुसऱ्या पायात मुलाची चप्पल घालून गॅलरीत जातात, कठड्यावरून वाकतात आणि अंधाराला उद्देशून विचारतात, "आपलीच गेली की सगळ्यांची?"

हा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी निदानशास्त्राच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, हे मान्य करणे भाग आहे. आपलीच गेली असेल तर दोष घरात असतो, म्हणजे जादा प्रवाह आल्यावर आपोआप पडणारी एमसीबी नावाची कळ पडलेली असते, किंवा जुन्या घरात फ्यूजची तार वितळलेली असते. सगळ्यांची गेली असेल तर दोष रोहित्रात, म्हणजे दाब उतरवणाऱ्या त्या कोपऱ्यावरच्या गुणगुणत्या यंत्रात, किंवा उपकेंद्रातून निघून साऱ्या भागाला वीज पोचवणाऱ्या 'फीडर' नावाच्या वाहिनीत असतो. या दोहोंमध्ये तिसरीही एक अवस्था असते. इमारतीत वीज तीन फेजांनी येते आणि प्रत्येक घराला त्यांतील एकच फेज, सुमारे २३० व्होल्टांचा, वाटून दिलेला असतो. त्यामुळे 'एक फेज गेला' म्हणजे इमारतीचा तिसरा हिस्सा अंधारात बुडतो आणि उरलेल्या दोन हिश्श्यांतून मालिकेचे संवाद ऐकू येत राहतात. मानवी स्वभावाची परीक्षा पाहणारी अशी अवस्था वीजशास्त्रात दुसरी नाही.

"सगळ्यांची गेली!" हे उत्तर मिळाल्यावर नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते अंधारामुळे दिसत नसले तरी आवाजात कळते. या समाधानामागे तर्कही आहे, कारण सगळ्यांची गेली म्हणजे तक्रार कोणीतरी केलीच असेल आणि लाइट लवकर येईल, असे प्रत्येक जण धरून चालतो. परिणामी तक्रार कोणीच करीत नाही, आणि १९१२ हा क्रमांक अखेर नानाच फिरवतात. त्यानंतर ते पलीकडच्या दिव्यांकडे बोट करून "समोरच्यांचा फीडर वेगळा, दवाखान्याचा आहे" असे म्हणतात. भाऊबंदांपैकी कोणाचा तरी मंत्रालयात वशिला असावा तसा त्यात सूर असतो. एका घरी गणपतीच्या आरतीत लाइट गेली, पाच निरांजने तेवत असल्यामुळे ती गेल्याचे फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही, पण नाना हातातील टाळ शेजाऱ्याकडे सोपवून गॅलरीत जाऊन आले आणि शेवटच्या कडव्यात त्यांनी "सगळ्यांची!" अशी द्वाही फिरवली. ती तालात बसल्याने लहान मुलांनी पुढची दोन वर्षे तो आरतीचाच भाग मानला.

आता पेटीविषयी. 'पेटी' म्हणजे वीज गेल्यावर घरातील व्यवहार चार-सहा तास निभावतील एवढे साहित्य एके ठिकाणी ठेवण्याचे पात्र. बहुधा तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. आत टॉर्च, सेल, सहा मेणबत्त्या, पावसाळ्यात सादळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काड्यापेटी, टेस्टर, फ्यूजची तार, खिशात मावेल एवढा ट्रान्झिस्टर, जलसंजीवनीची पाकिटे आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय बंद पडल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून शंभर व पन्नासच्या काही नोटा असतात. पेटीत न मावणारी बाब म्हणजे पाणी. तळटाकीतील पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप विजेवर चालतो आणि लाइट गेल्यानंतर तासाभराने नळही जातो, हे इमारतीतील उच्चशिक्षितांना प्रत्येक वेळी नव्याने कळत असताना नानांच्या मोरीत दोन कळश्या व एक बादली भरलेली असते. इतकी शहाणी यादी करणारा माणूस ती डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूस, बारीक अक्षरात, पेन्सिलीने का लिहितो, हे कोडे मात्र सुटलेले नाही.

टॉर्चचे प्रकरण स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. सेल आतच राहू दिल्यास काही महिन्यांनी ते पाझरतात, स्प्रिंगवर क्षारांचा थर चढतो आणि टॉर्च कायमचा निकामी होतो, हे नानांचे प्रतिपादन बिनचूक असल्यामुळे ते सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवतात. लाइट गेल्यावर ते घालावे लागतात. दोन सेलांच्या टॉर्चमध्ये प्रत्येक सेल दोन तऱ्हांनी बसू शकतो, म्हणजे एकूण शक्यता चार आणि योग्य एकच. तीही पुडी सापडल्यावर. सेलवरचे अधिकचिन्ह दिसण्यासाठी उजेड लागत असल्याने नातू मोबाइलचा दिवा धरून उभा राहतो, त्या लख्ख उजेडात नाना टॉर्च जुळवतात, तो पेटला की "आता तो बंद कर, बॅटरी उतरेल" असे नातवाला बजावतात आणि टॉर्चचा पिवळसर झोत पुढे करून गॅलरीकडे निघतात, कारण प्रश्न अजून विचारायचा असतो.

पेटीतील वस्तू वापरावयाच्या नसतात, हा तिचा मूलभूत नियम होय. सहधर्मचारिणीने देवापाशी दिवा लावण्यासाठी तिच्यातील काड्यापेटी मागितली असता "ती आणीबाणीची आहे" असे उत्तर मिळते. नातीच्या वाढदिवसाला एक मेणबत्ती कमी पडली तेव्हाही हेच उत्तर मिळाले. देशातील आणीबाणी जून १९७५ मध्ये लागू होऊन २१ महिन्यांत उठली, पेटीतील आणीबाणी अद्याप जारी आहे. लोखंडी कपाटावर अनेक उन्हाळे काढल्यामुळे त्या सहाही मेणबत्त्या आता प्रश्नचिन्हासारख्या वाकल्या असून, नाना गॅलरीत जो प्रश्न विचारतात तो त्यांनी बहुधा लिहून घेतला असावा.

या वर्गाचा सुवर्णकाळ म्हणजे २००५ नंतरची काही वर्षे. त्या जूनमध्ये राज्याच्या वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, परंतु मागणी मोठी आणि वीज अपुरी हे गणित तसेच राहिले. ते जुळवण्यासाठी ठरावीक फीडर ठरावीक वेळ बंद ठेवण्याच्या पद्धतीस 'भारनियमन' असे भारदस्त नाव मिळाले. ज्या फीडरवर वीजगळती अधिक व वसुली कमी, त्याच्या वाट्याला अंधार अधिक, असे गट पाडले गेले. खेडोपाडी दहा-बारा तास लाइट नसे, आणि वर्तमानपत्रांत वेळापत्रके छापून येत. नाना ते वेळापत्रक कापून पंचांगाशेजारी टांगीत. सव्वासहाला जाणार म्हणून जाहीर झालेली लाइट सव्वासहालाच गेली तरी ते गॅलरीत येत, विचारीत, आणि "सगळ्यांची!" असे तीन मजल्यांवरून उत्तर आल्याखेरीज आत जात नसत. आत जाण्यासारखे तेव्हा काही नसेही, कारण उकाड्याने सगळेच बाहेर पडलेले असत. बायका कट्ट्यावर मटार सोलीत, मुले लपाछपी खेळत, आणि एरवी पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणारे दोन गृहस्थ तोंडे दिसत नसल्याच्या सोयीने गप्पा मारीत.

मुंबईत हा वर्ग विरळ आहे, कारण तेथे लाइट जाणे हीच घटना विरळ. तेथील सज्जनाना वर्षानुवर्षे न आलेल्या परीक्षेचा अभ्यास करीत राहतात आणि त्यांचा उपहास होत राहतो. ती परीक्षा अखेर १२ ऑक्टोबर २०२० रोजी आली. पारेषण वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा भाग बंद पडला, लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, आणि बाहेरच्या जाळ्यात गडबड होताच शहराला स्वतःच्या वीजकेंद्रांसह अलग करणारी जी 'आयलंडिंग' व्यवस्था नानांच्या विशेष अभिमानाचा विषय होती, तीही त्या दिवशी शहराला तारू शकली नाही. एवढे सगळे जुळून आले, फक्त वेळ सकाळी दहाची होती. गिरगावातील एका नानांनी लख्ख उन्हात पेटी उघडली, टॉर्च जुळवला, घरात अंधार कोठे आहे याचा शोध घेतला, आणि तो केवळ न्हाणीघरात आढळल्यामुळे दुपारपर्यंत टॉर्च तेथे टांगून ठेवला. ज्याला त्याला आत जाताना त्याची उपयुक्तता मान्य करावी लागली.

त्याच वर्षी चार महिने आधी, ३ जूनला, 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले, आणि रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांत लाइट परत यायला काही आठवडे लागले. पेटी चार-सहा तासांच्या हिशेबाने भरलेली असते. ती तेथे दुसऱ्या दिवशीच संपली, आणि पुढे रॉकेलची चिमणी, विहिरीचा रहाट व शेजाऱ्याची चूल यांवर दिवस निघाले. सगळ्यांची गेली होती, हे इतके उघड होते की त्या काळात तो प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

शहरातील सज्जनानांचा ऱ्हास मात्र वादळाने नव्हे, इन्व्हर्टरने घडवून आणला. बॅटरीत साठवलेल्या एकदिश प्रवाहाचे घरगुती उपकरणांना चालेल अशा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे हे यंत्र असून, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर दोन-तीन पंखे व चार एलईडी दिवे चार-पाच तास चालतात. यंत्र नानांनीच इमारतीत प्रथम आणले, इतरांना आणायला लावले, त्यांच्या बॅटऱ्यांत ऊर्ध्वपातित पाणी स्वतः ओतले आणि प्रत्येक घरी ओतताना एक व्याख्यानही दिले; आपण बसलेली फांदी तोडणाऱ्यांच्या इतिहासात इतकी टापटीप क्वचितच आढळेल. आता लाइट जाते तेव्हा ती गेल्याचे कळतच नाही. नाना गॅलरीत येतात तेव्हा सर्व खिडक्या उजळलेल्या असतात, पंखे फिरत असतात, आणि प्रश्नाचे उत्तर ना डोळ्यांना मिळते ना कानांना. ते स्वतःच्या बैठकीतला दिवा "बॅटरी वाचवण्यासाठी" मालवून गॅलरीत बसतात. त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची का मांडलेली असते, हे त्यांना कोणी विचारलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात पहिल्या मजल्यावर परगावाहून शिकायला आलेल्या तीन मुली भाड्याने राहू लागल्या. इन्व्हर्टर त्यांना परवडणारा नव्हता. एका रात्री साडेनऊला त्यांच्यातील एकीने जिन्यात येऊन, कठड्याला धरून, वरच्या दिशेने हाक मारली, "आजोबा, आमचीच गेली की सगळ्यांची?"

नाना खाली उतरले. दोन्ही पायांत त्यांची स्वतःचीच चप्पल होती. त्यांनी टेस्टर लावला, फेज गेल्याचे निदान केले, १९१२ फिरवला, कळशीभर पाणी वरून आणवून दिले, आणि जिन्याच्या पायरीवर बसून फेज म्हणजे काय, फीडर म्हणजे काय, समोरच्यांचा फीडर वेगळा का, हे मुलींना प्रारंभापासून समजावून सांगितले. मेणबत्ती मागितली तेव्हा ती आणीबाणीची असल्याचे सांगून टॉर्च दिला. संज्ञेतील 'सज्जन' या अक्षरांविषयी आरंभी घेतलेला आक्षेप येथे, थोड्या नाखुशीनेच, मागे घ्यावा लागतो.

लाइट दहा मिनिटांनी आली. नाना पन्नास मिनिटांनी वर गेले.