माजी पत्रकार

वृत्तपत्राच्या कचेरीत दहा-पंधरा वर्षे बातमीदारी किंवा उपसंपादकी करून पुढे एखाद्या बांधकाम कंपनीच्या, खासगी विद्यापीठाच्या अथवा मोठ्या रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात दाखल झालेला गृहस्थ हा मराठी मध्यमवर्गातील स्वतंत्र अभ्यासविषय मानण्यास हरकत नाही. जनसंपर्क म्हणजे संस्थेविषयी चांगले तेवढे छापून यावे आणि वाईट ते शक्यतो येऊ नये, यासाठी केलेली पगारी व्यवस्था होय. असा मजकूर पानात कोणत्या वाटेने शिरतो हे ज्याने त्या वाटेवर पहारा केला त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसल्यामुळे या गृहस्थास मागणी असते, आणि ती मागणी जुन्या पगाराच्या दुपटीत मोजली जाते.

या वर्गाचे प्रमुख लक्षण असे, की आपण पैशासाठी गेलो हे तो कधीही सांगत नाही. पत्रकारिता पूर्वीची राहिली नाही, काहीतरी नवे शिकायचे होते, रात्रपाळीने पित्त वाढले, अशी कारणे तो श्रोता पाहून देतो. घराचा हप्ता आणि मुलांची फी ही दोन कारणे मात्र केवळ त्याच्या पत्नीकडूनच कळू शकतात.

जुन्या कामावरचे त्याचे प्रेम आटलेले नसते, हे त्याच्या प्रेसनोटवरून, म्हणजे संस्थेने स्वतःची स्तुती स्वतःच लिहून बातमी म्हणून पाठविलेल्या मजकुरावरून, सिद्ध होते. ‘शुभहस्ते’ आणि ‘संपन्न झाला’ हे शब्द उमेदीची सारी वर्षे लाल शाईने कापलेला हा मनुष्य आता तेच शब्द अध्यक्षांच्या आग्रहाखातर स्वहस्ते घालतो, तथापि पहिल्याच वाक्यात कोण, काय, कोठे, केव्हा हे आले पाहिजे यासाठी तो दर वेळी भांडतो आणि दर वेळी हरतो, कारण अध्यक्षांच्या मते या चारही प्रश्नांचे उत्तर अध्यक्ष हेच असते. संध्याकाळी तो जुन्या कचेरीत फोन करून आतल्या पानावर निदान एक कॉलम मागतो, आणि त्यानेच घडविलेला उपसंपादक त्यानेच शिकविलेल्या कोरड्या आवाजात ‘पाठवून ठेवा सर, जागा असली तर बघू’ असे सांगतो.

‘दर्पण’ या वृत्तपत्राचा आरंभ 6 जानेवारी 1832 रोजी झाला, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि चहा यांचा खर्च त्याची कंपनी उचलत असल्याने तो ‘ज्येष्ठ पत्रकार’ म्हणून व्यासपीठावर असतो आणि गोपाळ गणेश आगरकरांवर बोलतो. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये असे आईला पत्राने कळविणारे विद्यार्थिदशेतील आगरकर सांगताना त्याचा कंठ खरोखरच दाटून येतो. पुढे मतभेदामुळे ‘केसरी’चे संपादकपद सोडून त्यांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढले, या घटनेवर तो अंमळ अधिक रेंगाळतो, कारण नोकरी आगरकरांनीही सोडली होती.

समोर बसलेले तरुण बातमीदार या साम्याला हसतात आणि कार्यक्रमानंतर त्याला एकेकटे गाठून कंपनीत एखादी जागा आहे का, अशी चौकशी करतात. श्रमिक पत्रकारांसाठी 1955 मध्ये कायदा झाला, त्याखाली वेतन मंडळे नेमली गेली, मजिठिया मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित होऊन 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकल्याही. परंतु नेमणूक कंत्राटाने करायची आणि पत्रकारितेला व्रत म्हणायचे, या दुहेरी उपायाने अनेक मालकांनी त्यांची धार बोथट केली. व्रतस्थाने पगारवाढ मागणे शोभत नाही, ही समजूत माजी पत्रकार नव्या कचेरीतही सोबत नेतो, आणि म्हणून ज्या पगाराने त्याचे घर सावरले त्याचीच त्याला लाज वाटते. पगार पुरत नव्हता म्हणून आवडते काम सोडावे लागले, ही त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत पक्की बातमी आहे. तिचा कागदोपत्री पुरावा त्याच्याच कपाटात आहे, तिच्या प्रसिद्धीने मागे राहिलेल्यांचे काही भले होण्याचाही संभव आहे, आणि नेमकी तीच बातमी तो जागेअभावी मागे ठेवतो.