एक्सेलकाका

प्रत्येक सोसायटीत एक तरी एक्सेलकाका असतात. आमचे काका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. खुर्चीत होते तेव्हा त्यांच्यापुढे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवताना भलेभले उद्योजक चाचरायचे. "पहिल्याच वर्षी कारखाना पूर्ण क्षमतेने चालणार? कशावरून?" असं विचारून ते समोरच्याचे अंदाज निम्म्यावर आणायचे आणि उरलेल्या निम्म्यालाही तारण मागायचे.

त्याच काकांनी फंड, ग्रॅच्युइटी आणि गावच्या जमिनीचे पैसे घालून वाकडला 80 लाखांचा टू बीएचके घेतला. राहायला नाही, भाड्याने द्यायला. त्याचं एक्सेल शीट ते आल्यागेल्याला लग्नाच्या अल्बमसारखं दाखवतात. काकू चहा आणेपर्यंत आपण 2041 साली पोचलेलो असतो.

भाडं 24,000, वर्षाचे बारा महिने, दरसाल दहा टक्के वाढ. परतावा 3.6 टक्के, ठळक हिरव्या अक्षरांत. हिंजवडीची मेट्रो त्या शीटमध्ये केव्हाच धावू लागली आहे आणि तिच्यामुळे भाडं दीडपटही झालं आहे. 2020 साली आयटीवाली पोरं लॅपटॉप उचलून आपापल्या गावी गेली आणि फ्लॅटला कुलूप लागलं. ती ओळ काकांनी 'हाइड' केली आहे. "तो अपवाद होता," म्हणतात.

करार मात्र अकरा महिन्यांचा. भाडेकरू गेला की रंगकाम, मग एजंटला एका महिन्याचं भाडं, आणि बारावा महिना नवा माणूस शोधण्यात. त्यात काकांच्या अटी: दोघंही नोकरी करणारे, शाकाहारी, मूल नको, कुत्रा नको, भिंतीला खिळा नको. थोडक्यात, भाडं देईल पण राहणार नाही असा भाडेकरू हवा. बॅचलर तर फोनवरच बाद.

एकदा मीच पेन घेतलं. अकरा महिन्यांचे 2,64,000. एजंटचे 24,000 गेले. सोसायटीचा मेंटेनन्स 48,000, घरपट्टी 14,000, रंग आणि गिझर 18,000. हातात 1,60,000. आता खाली मांडायची रक्कम तरी 80 लाख कुठे आहे? सात टक्के स्टँप ड्युटी, नोंदणी, मॉड्युलर किचन, पंखे, पडदे धरून 89 लाखांच्या घरात जाते. परतावा 1.8 टक्के, तोही प्राप्तिकराच्या आधी. काकांच्याच जुन्या बँकेची मुदत ठेव ज्येष्ठांना याच्या तिपटीहून जास्त देते, आणि तिचा नळ गळत नाही.

काकांनी कागद लांब धरून वाचला. "पण किंमत वाढते ना!" शीटमध्ये ती दर सात वर्षांनी दुप्पट होते. कशावरून, हे विचारायला खुर्चीत आता कोणी नाही.

गंमत पुढेच आहे. परवा तिसऱ्या मजल्यावरचा तरुण असाच फ्लॅट घ्यायचं म्हणाला, तर काकांनी त्याला तासभर धारेवर धरलं. रिकामे महिने धरलेस का? दुरुस्ती? स्टँप ड्युटी? आजूबाजूला खरंच काय भाडं मिळतं, ते जाहिरातींत नव्हे, झालेल्या करारांत बघितलंस? भाडं पाच वर्षं वाढलंच नाही तर? पोरगा घाम पुसत घरी गेला आणि त्याने बुकिंग रद्द केलं.

तेव्हा भाड्यासाठी घर घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर आपला हिशोब घेऊन काकांकडे जरूर जा. इतका कडक तपासनीस फुकट मिळत नाही. फक्त त्यांचं शीट उघडू देऊ नका.