साध्या कामापुरता

पनवेलमध्ये "घरी साध्या कामापुरता एक कॉम्प्युटर घ्यायचाय" हे वाक्य चारचौघांत बोलू नये. जागा घ्यायची, मुलीचं जमवायचं, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं, यांत निदान काही जण "आपल्याला त्यातलं कळत नाही बुवा" म्हणून बाजूला होतात. कॉम्प्युटरबद्दल असं म्हणणारा माणूस पनवेल महापालिकेच्या हद्दीत अजून सापडलेला नाही. याचं श्रेय एमएस-सीआयटीला. २००१ पासून या परीक्षेने महाराष्ट्र इतका संगणकसाक्षर केला आहे, की ज्या घरात कॉम्प्युटर नाही त्याही घरात तो येत असल्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलेलं असतं.

आमच्या सोसायटीतल्या आप्पांनी ते वाक्य बोलून टाकलं, तेही पाण्याच्या टाकीच्या गळतीसाठी बोलावलेल्या सभेत. आप्पा निवृत्त. त्यांची साधी कामं अशी: गावच्या जमिनीचा सातबारा काढणं (डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत), विजेचं बिल भरणं, नातवाचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, थोडं नाट्यसंगीत आणि 'दोन शब्द लिहिणं'. हे शेवटचं काम ज्यांना साधं वाटतं त्यांनी निवृत्त माणसाचं आत्मचरित्र कधी प्रूफाला घेतलेलं नसावं.

बजेट पंधरा हजार. सभेने ते एकमताने अपुरं ठरवलं. सेक्रेटरी म्हणाले, घ्यायचा तर लॅपटॉपच घ्या, उचलून कुठेही नेता येतो. आप्पा खांदा कॉलनीच्या पलीकडे लग्नकार्याशिवाय जात नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनीअर मुलाने ग्राफिक्स कार्ड लागेलच असं सांगितलं. कशासाठी, तर पुढेमागे लागलंच तर. बंगळुरूच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, त्याने सोळा जीबी रॅमच्या खाली बोलायलाच नकार दिला. एक गृहस्थ म्हणाले, आता कॉम्प्युटर घेतो कोण, सगळं मोबाइलवर होतं. हे सांगताना त्यांच्या हातात झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेल्या प्रिंटांची पिशवी होती. सभा संपली तेव्हा बजेट पासष्ट हजारांवर पोचलं होतं आणि टाकी गळतच होती.

सोसायटीला हसण्यात अर्थ नाही. याच विषयावर जगातल्या फार मोठ्या माणसांची सभा भरली होती आणि तिचंही असंच झालं. २००५ च्या जानेवारीत दावोसला एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एकेक. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवला गेला. रंग हिरवागार, आणि जिथे वीज नाही तिथे फिरवून वीज करायला एक दांडा. अन्नानसाहेबांनी दांडा फिरवला, तो त्यांच्या हातात आला. लॅपटॉप प्रत्यक्ष तयार झाला तेव्हा त्याला दांडा नव्हता आणि किंमत शंभर नव्हती, १८८ डॉलरच्या घरात होती. दावोसला झालेल्या घोषणेपेक्षा आमच्या सभेचं बजेट जास्त वेगाने वाढलं, हा भाग वेगळा.

आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ही योजना नाकारली. शिक्षणाच्या दृष्टीने कल्पनाच संशयास्पद आहे आणि आम्हाला आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असं कारण दिलं. कारण अगदी चोख. वर्ग आणि शिक्षक हवेत, ही गोष्ट सरकारला दुसऱ्याची योजना नाकारतानाच आठवते एवढंच.

तरीही तो हिरवा लॅपटॉप भारतात आला आणि आला तो थेट आपल्या रायगड जिल्ह्यात. कर्जत तालुक्यात खैराटच्या धनगरवाड्यावर एकशिक्षकी शाळा आहे, तिथे २००७ च्या पावसाळ्याअखेरीस पहिली ते चौथीच्या बावीस मुलांच्या हातात तो पडला. देशातला पहिला प्रयोग. पनवेलकरांना तेव्हा पत्ताही नव्हता, कारण आपल्याकडे कर्जत म्हटलं की वडा आणि फार्महाऊस. मुलांनी तो पटकन आपलासा केला. वापरायला शिकवावं लागतं ते मोठ्यांना. पण धंद्याचं सूत्र असं होतं, की सरकारांनी लाखांच्या हिशेबाने खरेदी करावी. खैराटला बावीस लागत होते. बावीसवाल्याला दावोसला कोण विचारतो?

बरं, नाकारलंत ते नाकारलंत, आमचं आम्ही करून दाखवतो म्हणून दिल्लीनेही पाऊल उचललं. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला दहा डॉलरचा, म्हणजे पाचेकशे रुपयांचा लॅपटॉप प्रकट होणार अशी जगभर बातमी झाली. प्रकट झाली ती माहिती साठवायची एक डबी. तिला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. दहा डॉलरमध्ये पडदा मागणाऱ्यांनाच खरं तर लाज वाटायला हवी होती. मग आकडा पस्तीस डॉलरवर गेला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट दाखवला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोट ठेवून भागत नसे, दाबावं लागे. पुढची आवृत्ती पवईच्या आयआयटीने हातात घेतली, राष्ट्रपतींच्या हस्ते तिचंही उद्घाटन झालं. पुढे काय झालं ते आपल्या घरातल्या कपाटांना विचारा. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राखाली आकाश कुठे दिसतंय का बघा.

या सगळ्यांनी किंमत आधी ठरवली. डॉलरमध्ये ठरवली, व्यासपीठावर ठरवली आणि मग तेवढ्यात काय बसतं ते शोधत राहिले. आप्पांना मी लाईन आळीच्या एका बोळात नेलं तेव्हा तिथल्या पोराने पहिला प्रश्न वेगळाच विचारला.

"काका, काम काय हाय?"

दुकानावर पाटी: कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस, सीसीटीव्ही, प्रिंटर रिफिल, मोबाइल कव्हर. आत बसायला जागा नाही, कारण तिथे उघडे पडलेले 'सीपीयू' रचलेले. (प्रोसेसरला सीपीयू म्हणतात आणि डब्याला कॅबिनेट, हे मी आप्पांना एकदा समजावलं. डब्याला सीपीयू म्हणत नाहीत हे त्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्याला धंदा करायचा होता.) आप्पांनी सातबाऱ्यापासून आत्मचरित्रापर्यंत यादी वाचून दाखवली. पोराने ऐकून घेतली आणि म्हणाला, "ग्राफिक कार्ड कशाला? नाटकाचं गाणं ऐकायला ते लागत नाय."

त्याचं म्हणणं असं. ऐरोली-महापेच्या कंपन्या लीज संपली की शेकड्याने मशीन काढून टाकतात. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चांगल्या कंपनीची बांधणी, दहा वर्षं एसीत बसून एक्सेल भरलेलं. ते घ्यायचं. आतली फिरणारी हार्ड डिस्क काढून नवी २५६ जीबीची एसएसडी टाकायची, कारण जुनं मशीन म्हातारं वाटतं ते बहुतेक वेळा त्या तबकडीमुळे, प्रोसेसरमुळे नाही. वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. हा सेल, सीआर २०३२, संपला की कॉम्प्युटरचं घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालात जातं, मग बँकेची साइट उघडत नाही, मग शेजारचे सांगतात की हॅकिंग झालंय, आणि त्यांच्या ओळखीचा माणूस मदरबोर्ड बदलून देतो. सेलला वडापावएवढे पैसे पडतात. एका गोष्टीत मात्र पोरगा हट्टाला पेटला: एसएमपीएस स्वस्तातला घालणार नाही. "आपल्याकडे पावसात लाइट कशी येते-जाते बघता ना काका, हलका पॉवर सप्लाय सगळ्यांना घेऊन मरतो." मॉनिटर एकोणीस इंची, सेकंडहँड, कोपऱ्यात एक ओरखडा. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत.

गॅरंटी? "चालू करून बघून घ्या." बिल? "पक्कं की कच्चं?"

आप्पांनी कशावरच घासाघीस केली नाही. केली ती फक्त मजुरीवर. प्रोसेसरचे पैसे अमेरिकेतल्या कंपनीला जातात, तिथे आपलं काय चालणार, पण पाचशे रुपये मजुरी हे फार होतात असं त्यांचं मत पडलं. तीनशेवर मिटलं.

सोसायटीत अर्थातच विश्वास बसेना. एका अनुभवी सदस्याचा आग्रह होता, की असला माल लॅमिंग्टन रोडवरूनच आणावा, पनवेलमध्ये लुबाडतात. म्हणजे पनवेलहून लोकल, कुर्ल्याला बदला, दादरला पुन्हा बदला, ग्रँट रोडला उतरा आणि मॉनिटर मांडीवर घेऊन तसेच उलटे या. गंमत अशी, की कॅबिनेट, मॉनिटर असला जड माल कंटेनरमधून आपल्याच न्हावा शेवाला उतरतो. १९८९ पासून ते बंदर चालू आहे. तिथून तो आपल्या डोळ्यांदेखत कळंबोलीच्या सर्कलला अडकतो, सुटतो, मुंबईकडे नाही तर भिवंडीकडे जातो, आणि तिथे भाव लावून घेतल्यावर आपण तो परत आणायला जातो. ३ ऑगस्ट २०२३ ला तर सरकारने लॅपटॉप-कॉम्प्युटरच्या आयातीवर तातडीने परवान्याची अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी तिला मुदतवाढ दिली. त्या एका दिवसात न्हावा शेवाला काय विचारमंथन झालं असेल याची कल्पना करवत नाही.

खरी पंचाईत पुढे होती. विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा असेल तर निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा आणि सोबत टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी. आप्पांचं मशीन चौथ्या पिढीचं. वेगाला कमी नाही, तापत नाही, आवाज करत नाही. मुलगी कामाला चोख, वळणाची, पण पत्रिकेत एकनाड निघाली म्हणून नकार आला, तसं झालं. बरं, मग नवंच मशीन जोडावं म्हटलं, तर २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या भावाने डोकं फिरवलंय. जगभरच्या एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी कमी पडते आहे. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरात जाहीर करून टाकलं की 'क्रूशियल' हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद, कारण मोठी गिऱ्हाइकं तिकडे आहेत. म्हणजे 'आप्पांनी सातबारा कसा काढावा' याचं उत्तर देणाऱ्या यंत्राने आप्पांची सातबारा काढायची रॅम पळवली.

पोराकडे यावरही तोडगा होता. लिनक्स मिंट. फुकट, कायदेशीर, चार जीबीतही चालतं, मराठी युनिकोड टंकलेखन आतच. यावर सोसायटीत जेवढी चर्चा झाली तेवढी पुनर्विकासावरही झालेली नाही. "फुकट देतायत म्हणजे काहीतरी गोम असणार," असं ज्यांनी बजावलं, त्यांच्याकडे वीस वर्षं चोरीचं विंडोज आहे, आणि त्याच्या हेतूबद्दल त्यांना एकदाही शंका आलेली नाही. मी सांगून पाहिलं की सी-डॅकने, म्हणजे आपल्याच सरकारी संस्थेने, 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स २००७ मध्येच काढलं आहे, आणि त्याच सी-डॅकचा एक कॅम्पस आपल्या शेजारी खारघरला आहे. सरकारी म्हटल्यावर उरलासुरला विश्वासही गेला.

मिंट टाकलं. कॅबिनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला (लांब, पोराच्या सांगण्यावरून), यूएसबीच्या भोकात अक्षता जाणार नाहीत एवढी काळजी घेतली. आणि आप्पांनी पहिलं साधं काम हाती घेतलं: नातवाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म.

फोटो वीस ते पन्नास केबी. आप्पांकडचा निघाला तीन एमबीचा. तो बारीक करता करता सही मोठी झाली. उत्पन्नाचा दाखला पीडीएफमध्ये हवा, तो होता जेपीजीत. ओटीपी सुनेच्या मोबाइलवर, सून कोपरखैरण्याला. साइटने मध्येच मान टाकली. या सगळ्यात कॉम्प्युटरने एकदाही मान टाकली नाही, हे मी नोंदवून ठेवतो. कधी तरी मध्यरात्री फॉर्म गेला. शेवटी सूचना आली: प्रिंट काढून, सही करून, शाळेत जमा करा.

प्रिंटर साध्या कामाच्या यादीत नव्हता.

सकाळी आप्पा उरण नाक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. पेन ड्राइव्ह घरीच राहिला होता. "अर्ज क्रमांक सांगा काका," तो म्हणाला, आणि मिनिटभरात कागद बाहेर आला. पाच रुपये. समोर रांगेत सातबारावाले, पॅन कार्डवाले, सीईटीवाले, पेन्शनवाले. अर्ध्या तालुक्याचं सरकार त्या एका टेबलावरून चाललेलं. टेबलाखाली मशीन होतं: कोअर टू ड्युओ, झाकण गायब, आत हवा मारायला शेजारी एक टेबल फॅन लावून ठेवलेला, पडद्यावर विंडोज ७.

आप्पांनी दहाची नोट पुढे केली, सुट्ट्यांची वाट बघत त्या मशीनकडे दोन-तीनदा वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे विकायचंय का?"