हुरडा-रसिक मंडळ : नवख्या सभासदांसाठी मार्गदर्शिका

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात १९३४च्या सुमारास वाइन खपेनाशी झाली. तळघरं तुडुंब, गिऱ्हाईक नाही. तेव्हा न्वी-सां-जॉर्ज गावच्या मंडळींनी एक रसिक बंधुमंडळ काढलं. लाल-सोनेरी झगे चढवले, चव घ्यायची चांदीची चपटी वाटी गळ्यात अडकवली आणि विकत कोणी घेत नाही तर निदान प्यायला तरी या, म्हणून पाहुणे बोलावले. ते मंडळ क्लो द व्हुजोच्या जुन्या वाड्यात अजूनही थाटाच्या जेवणावळी घालतं. जालना जिल्ह्यात असलं काही नाही, असं म्हणणारा माणूस जानेवारीत इकडे फिरकलेला नाही. इथल्या कडवंची गावची द्राक्षं खाण्याची, वाइनची नव्हेत, ती बाजूला ठेवा. आपलं मंडळ ज्वारीचं.

सभासदत्वाचा अर्ज नसतो. ‘या एकदा हुरड्याला’ हे निमंत्रण समजू नये, तो रामराम झाला. खरं निमंत्रण घाईत येतं : ‘दाजी, उद्याच या, परवा दाणा निबर होईल.’ यात अतिशयोक्ती नाही. दाण्यातली साखर दिवसागणिक पिठाकडे वळत असते. नखानं दाबल्यावर दूध आलं तर थोडं थांबायचं, दाणा मऊ लागला तर आजच, आणि टणक लागला तर घरी जाऊन भाकरी खायची.

पोशाख जुना असावा. पांढरी विजार घालून आलेला सभासद लांबूनच नवखा ओळखू येतो आणि कणसाची कूस त्याच्याच मानेत शिरते.

आगटीपाशी बसलेला माणूस हा सोहळ्याचा मठाधिपती. घरात त्याचं कोणी ऐकत नसेल, इथे ऐकायचं. खड्ड्यात गोवऱ्यांचा नुसता आर हवा, जाळ नको. कणसं त्यात खोचून कधी फिरवायची, हे त्याला कळतं. ‘मामा, करपतंय का?’ असं विचारणाऱ्याला पुढचं कणीस उशिरा मिळतं. निघालेलं कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळायचं, सुपात फोल पाखडायचं. हात भाजले तरी चेहरा पाहुण्याचाच ठेवावा.

आता आस्वाद. वाइनवाले पेला गोल फिरवतात, हुंगतात आणि चामडं, ओलं रान, जुनं लाकूड अशी यादी सांगतात. आपल्याकडे तीन अभिप्राय मान्य आहेत : गोड, कवळा, निबर. चौथा सुचला तर गिळावा. मात्र वाणाचं नाव ठाऊक असलं तर वजन वाढतं. सुरती की गूळभेंडी, एवढं विचारलं तरी पुरे. ‘परभणी वसंत’ किंवा ‘फुले मधुर’ म्हटलंत तर विद्यापीठाचे समजून उशी मिळेल. बियाण्यावर वाद मात्र काढू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी याच जालन्यात काढली. तेव्हापासून बियाण्यावर मत नसलेला माणूस या जिल्ह्यात सापडणं अवघड आहे, आणि मत संपेपर्यंत हुरडा गार होतो.

लसणाची चटणी, जवसाची, शेंगदाण्याची, मग दही, मग गूळ. गूळ आधी खाल्ला की दाण्याची गोडी कळतच नाही, हे पोरांना सांगावं. मोठी माणसं ऐकत नाहीत. मागून वांग्याचं भरीत येणार आहे, ही बातमी काकूंकडून अगोदर काढून ठेवावी. पाणी मागू नये. जाणत्यांच्या पंगतीत हुरड्यावर ताकच चालतं.

एक गोष्ट मात्र बर्गंडीच्या उलट. तिकडे माल उरला म्हणून पंगत बसली. इथे आगटीत गेलेलं प्रत्येक कणीस घरच्या कणगीतून वजा होतं. तेव्हा ‘कसा किलो हो?’ हा प्रश्न हमरस्त्यावरच्या तिकिटाच्या हुरडा पार्टीत खुशाल विचारावा, शेतात नाही. रिकाम्या हातानं जाऊ नये. शेव, रेवड्या, पोरांना काही खाऊ न्यावा. कणसं खुडलेली ताटं बैलांपुढे टाकायला हात लावला, तर पुढच्या वर्षीचं नाव पक्कं.

निघताना मालक पिशवीत हरभऱ्याचा डहाळा आणि बोरं भरू लागेल. ‘कशाला, राहू द्या’ असं दोनदा म्हणावं. तिसऱ्यांदा म्हटलं तर तो खरं धरतो.